आधी खुंटा, मग मनाई: की लार्गोच्या प्रवाळावरचे सहा बोये

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून बेटांची एक माळ नैऋत्येला वळत जाते. तिला फ्लोरिडा कीज म्हणतात आणि त्यातलं सर्वांत मोठं बेट म्हणजे की लार्गो. मायामीहून मोटारीने तासा-दीड तासाचा रस्ता. बेटापासून आठ-दहा किलोमीटर समुद्रात गेलं की किनाऱ्याला समांतर धावणारी प्रवाळांची रांग लागते: कॅरिसफर्ट, एल्बो, ड्राय रॉक्स, फ्रेंच रीफ, मोलासेस. पाणी उथळ, कोमट आणि एरवी इतकं नितळ की सात-आठ मीटरवरचा तळ होडीत बसून दिसावा. महानगर हाकेच्या अंतरावर आणि अंगणात ट्रेलरवर होडी उभी असलेली घरं जागोजाग. प्रवाळाला याहून अवघड शेजार मिळणं कठीण.

१९८१ मध्ये यातल्या फ्रेंच रीफवर (रीफ म्हणजे प्रवाळाची रांग) सहा बोये, म्हणजे होडी बांधायचे तरंगते गोळे, बसवले गेले. हे प्रकरण त्या सहा बोयांचं आहे. आज फ्लोरिडा कीज राष्ट्रीय सागरी अभयारण्यात असे जवळपास पाचशे बोये आहेत आणि ते बसवण्याची पद्धत पुढे कितीतरी देशांनी उचलली. मला तंत्राइतकाच त्यातल्या क्रमाचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. तिथे होडी बांधायची सोय आधी झाली आणि 'बोया मोकळा असेल तर नांगर टाकायचा नाही' ही अट नंतर आली. आपल्याकडे फलक आधी लागतो आणि सोय झाली तर होते.

हे पाणी कोणाचं

१९५०च्या दशकात की लार्गोचा प्रवाळ चोरीला जात होता, आणि तो उघड उघड. पहारीने फोडून, कधी सुरुंग लावून प्रवाळ वर काढायचा, उन्हात वाळवून पांढरा करायचा आणि हमरस्त्यावरच्या दुकानांत पर्यटकांना विकायचा, असा धंदा होता. जीवशास्त्रज्ञ गिल्बर्ट व्हॉस आणि 'मायामी हेरल्ड'चे संपादक जॉन पेनेकॅम्प यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १९६० मध्ये इथे अमेरिकेतलं पहिलं पाण्याखालचं उद्यान झालं आणि त्याला पेनेकॅम्प यांचंच नाव दिलं गेलं. पण राज्याची हद्द किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंत आणि चांगला प्रवाळ त्याच्या पलीकडे. म्हणून १९७५ मध्ये केंद्र सरकारने की लार्गो राष्ट्रीय सागरी अभयारण्य जाहीर केलं.

पहारी थांबल्या. मग होड्या वाढल्या. उद्यान झालं म्हणून नाव झालं, नाव झालं म्हणून गर्दी झाली, आणि येणारी प्रत्येक होडी पोचल्यावर पहिलं काम काय करणार, तर नांगर टाकणार. प्रवाळ बघायला आलेला माणूस होडी वाळूवर उभी करून अर्धा किलोमीटर पोहत जात नाही. तो प्रवाळाच्या डोक्यावरच थांबतो.

नांगर नेमकं काय करतो

हौशी माणसाला वाटतं, दहा किलोचा नांगर खाली पडला, एखादी फांदी मोडली, एवढंच नुकसान. ते तर सगळ्यात लहान.

होडी जागेवर राहते ती नांगराच्या वजनाने कमी आणि दोराच्या कोनाने जास्त. दोर जितका आडवा, तितका नांगर घट्ट रुततो. म्हणून खोलीच्या पाचपट ते सातपट दोर सोडायचा, असा साधा हिशेब आहे. आठ मीटर पाण्यात चाळीस मीटर तरी. या दोराचा नांगराकडचा भाग लोखंडी साखळीचा असतो. ती तळावर आडवी पडून ओढ खालच्या खाली ठेवते. वाळूत हे सगळं उत्तम चालतं. प्रवाळावर मात्र हीच साखळी काळ ठरते. वारा फिरला, सुकतीची भरती झाली की होडी फिरते आणि तिच्यामागून साखळी तळ घासत फिरते. समजा सहा मीटर साखळी तळाला टेकलेली आहे आणि दुपारपर्यंत होडी अर्धं वर्तुळ फिरली. म्हणजे सुमारे ५७ चौरस मीटर जागा झाडून निघाली. खुंट्याला बांधलेली म्हैस जशी आपल्या दाव्याच्या टापूतलं गवत साफ करते, तसं. गवत पुढच्या पावसात येतं. इथे साखळीखाली जे येतं ते मोठ्या घुमटी प्रवाळांचं असेल तर वर्षाला जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर वाढतं. मीटरभर उंचीचा घुमट म्हणजे शंभर वर्षांहून जुना जीव. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचा प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटर आणि त्याहूनही जास्त वाढतो, पण त्याची फांदी बोटाएवढी. साखळीला ती जाणवतही नाही.

शिवाय मोडणं ही एकच इजा नसते. प्रवाळाचा जिवंत भाग म्हणजे चुन्याच्या सांगाड्यावर पसरलेला पातळ थर. तो खरवडला गेला की उघड्या सांगाड्यावर शेवाळ बसतं, कडेच्या जखमेतून रोग शिरायला वाट मिळते. सुटलेले तुकडे लाटांबरोबर इकडून तिकडे आपटत राहतात आणि शेजारच्यालाही घासतात. वरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

तिसरी इजा निघताना होते. नांगर खडकात अडकला की हौशी चालक होडी जोरात पुढे-मागे करून तो उपटतो. नांगर येतो, पण एकटा येत नाही.

आणि तरीही होडीवाल्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. माणसं पाण्यात असताना होडी सरकणं हा जीवाचा प्रश्न असतो. वाळूत नांगर नीट रुतला नाही तर सुटू शकतो. खडकाच्या कपारीत अडकला तर सहसा सुटत नाही. म्हणून अनुभवी माणूसही खडकावर नांगर टाकतो तो दर वेळी बेफिकिरीने नव्हे, कधी सावधपणानेही. त्याला नुसतं 'टाकू नका' सांगून भागत नाही. खडकाइतकी किंवा त्याहून भरवशाची पकड त्याला दुसरीकडे मिळायला हवी.

जॉन हॅलस आणि चार इंची भोक

अभयारण्यातले जीवशास्त्रज्ञ जॉन हॅलस यांनी नेमकं हे ओळखलं. होडी बांधायला कायमचा बोया ही कल्पना नवी नव्हती; बंदरांत ती शतकानुशतकं आहे. अडचण होती ती बोया खाली कशाला बांधायचा याची. रूढ उपाय म्हणजे काँक्रीटचा मोठा ठोकळा किंवा जुनं अवजड लोखंड तळाला सोडणं. बंदराच्या चिखलात ठीक आहे. प्रवाळावर तो ठोकळा स्वतःच पहिली जागा मारतो, वादळात सरकतो, आणि त्याची साखळी नांगराच्या साखळीसारखीच तळ घासते. म्हणजे रोगाच्या जागी दुसरा रोग.

हॅलस यांच्या पद्धतीत ठोकळाच नाही. पाणबुडे खाली जातात आणि जिथे जिवंत प्रवाळ नाही, नुसता जुना, घट्ट चुनखडक आहे, अशी जागा शोधतात. होडीवरच्या पंपाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने खडकात साधारण दहा सेंटिमीटर रुंद आणि हाताच्या कोपराइतकं खोल भोक पाडतात. खडकाचा दंडगोल बाहेर काढून त्या जागी स्टेनलेस स्टीलचा, वर कडी असलेला खिळा पाण्यात घट्ट होणाऱ्या सिमेंटने बसवतात. सिमेंट आवळलं की वर दिसते फक्त तळहातात मावेल एवढी कडी. तिला शॅकलने, म्हणजे उघडबंद होणाऱ्या जोडकडीने, दोर जोडायचा, आणि दोर पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पाण्यात तरंगणारा. होडी नसताना तो वरच्या वर उभा राहतो, तळाला लोळत नाही. वरच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा, निळा पट्टा असलेला गोल बोया.

यात खर्चिक, दिमाखदार काहीच नाही, म्हणूनच ते पसरलं. खडक कुठे पोकळ आहे हे भोक पाडताना कळतं. पोकळ लागला तर जागा बदलायची. तळ वाळू आणि खड्यांचा असेल तर खिळ्याऐवजी आत जाऊन पंख आडवा होणारा गाडीव नांगर ठोकतात. मुद्दा एकच: तळाला स्पर्श होतो तो एकदा, जाणत्या हातांनी, आणि पुन्हा होत नाही. नाही तर रोज, डझनभर वेळा, जो येईल त्याच्या हाताने होतो.

बोया धरताना

या भागावर जरा रेंगाळतो, कारण बोया असूनही चुका होतात त्या इथेच.

मोलासेस किंवा फ्रेंच रीफच्या जवळ आलात की आधी पिवळे मोठे गोल बोये दिसतात. ते बांधायचे नव्हेत. ते संरक्षित टापूची हद्द दाखवतात. त्यांच्या आत वेग मंद ठेवायचा, मागे लाट उठता कामा नये. लाल पट्ट्यावर पांढरी तिरकी रेघ असलेला झेंडा दिसला तर तिथे पाण्याखाली माणसं आहेत. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार खुल्या पाण्यात अशा झेंड्यापासून ३०० फुटांच्या आत आलात तर होडी अगदी रांगत न्यावी लागते. पाणबुड्याचा बुडबुडा दिसतो, डोकं कुठे वर येईल ते दिसत नाही.

मग पांढरा बोया निवडायचा आणि त्याच्याकडे वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जायचं. दोन्ही वेगवेगळ्या बाजूंनी असतील तर आधी बांधलेल्या होड्यांची तोंडं बघायची; त्या जिकडे तोंड करून आहेत तिकडून समुद्राचा जोर येतोय. इंजिन न्यूट्रलला, एक माणूस होडीच्या पुढच्या टोकावर हूक घेऊन. बोयातून एक लहान दोर सुटलेला असतो, त्याच्या टोकाला डोळा, म्हणजे दोराचाच पक्का फास. तो हुकाने उचलायचा, त्यातून आपला दोर ओवायचा आणि दोन्ही टोकं आपल्या होडीला बांधायची.

इथेच बहुतेकांचं चुकतं. बोयाचा डोळाच थेट होडीच्या खुंटीला अडकवतात. दिसायला सुटसुटीत, पण मग लाटेच्या प्रत्येक हिसक्याला ओढ सरळ वर जाते; खालचा खिळा उपटायला आणि दोर झिजायला तेवढं पुरतं. आपला दोर भरपूर सैल सोडला की होडी बोयापासून मागे राहते, ओढ आडवी येते आणि हिसका दोरात मुरतो. ओळखायची खूण सोपी आहे: बोया पाण्याखाली दबत असेल तर दोर कमी आहे, आणखी सोडा. सोडूनही दबतोय तर होडी त्या बोयाला जड आहे किंवा समुद्र आज तुमच्यासाठी नाही. एका बोयाला एकामागे एक होड्या बांधणं हाही तसाच आळस. आणि बांधल्यावर दोर कुठे झिजलाय का हे बघणं ही चालकाची जबाबदारी. बोया सरकारी असला तरी होडी आणि तिच्यातली माणसं तुमची.

सगळे बोये भरलेले असतील तर? थांबायचं, दुसऱ्या रीफवर जायचं, नाही तर वाळू शोधायची. या रांगेची ठेवण अशी की प्रवाळाचे लांब कंगोरे समुद्राकडे गेलेले आणि त्यांच्यामध्ये वाळूच्या घळी. पाण्याचा रंग वाचता आला की निम्मं काम झालं: तपकिरी दिसतं तिथे प्रवाळ किंवा समुद्रगवत, पाणीही उथळ, पांढरट तिथे वाळू, निळं तिथे खोली. ध्रुवीकरण करणारा चष्मा डोळ्यांवर, सूर्य पाठीशी, म्हणजे रंग स्वच्छ उलगडतात. सकाळी पूर्वेकडे तोंड करून, चकाकत्या पाण्यावर वाळू शोधणारा चालक आंधळा असतो. नांगर टाकल्यावर कोणीतरी पाण्यात बघायचा चष्मा लावून खाली बघून यावं: नांगर वाळूत, साखळीही वाळूत, आणि होडी उलट दिशेला फिरली तरी साखळी वाळूतच राहील एवढी जागा. निघताना होडी आधी नांगराच्या बरोबर डोक्यावर आणायची आणि मग सरळ वर उचलायचा.

जहाजं आली तेव्हा कायदा आला

४ ऑगस्ट १९८४ रोजी वेलवुड नावाचं १२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज मोलासेस रीफवर चढलं. त्या रीफवर दीपस्तंभ आहे, आणि तो १९२१ पासून आहे. जहाज ओढून काढायला बारा दिवस लागले. ५,८०५ चौरस मीटर जिवंत प्रवाळ नष्ट झाला. ओढणाऱ्या टग-बोटींच्या तारांनी आणखी नुकसान केलं. १९८९ मध्ये २५ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर या सतरा दिवसांत याच कीजमध्ये तीन मोठी जहाजं प्रवाळावर चढली. वर्षभरात, १६ नोव्हेंबर १९९० रोजी, संपूर्ण कीजसाठी अभयारण्याचा कायदा झाला. मोठ्या जहाजांना प्रवाळापासून लांबून जाण्याचे पट्टे ठरले, तेलासाठी खोदकाम बंद झालं.

बातमी जहाजाची होते. नांगराची होत नाही. पण वरचाच हिशेब धरला तर वेलवुडने मारलेली जागा म्हणजे अर्ध्या वर्तुळात फिरलेल्या शंभर साखळ्या. गर्दीच्या समुद्रात शंभर होड्या जमायला किती वेळ लागतो? सगळ्याच साखळ्यांखाली प्रवाळ नसतो हे खरं. तरी तुलना म्हणून मला ती खटकत राहते.

कायदा झाला तरी नियम व्हायला १९९७ उजाडलं, कारण मधल्या काळात स्थानिकांनी रान उठवलं. मच्छीमार, बुडालेल्या जहाजांतून खजिना काढणारे, जमिनीवाले, सगळे एका बाजूला. अभयारण्याचे प्रमुख बिली कॉझी यांचा पुतळा करून फासावर लटकवला गेला. १९९६ मध्ये मन्रो काउंटीत, म्हणजे कीज ज्यात येतात त्या जिल्ह्यात, सल्लामसलतीचं मतदान झालं, त्यात सुमारे ५५ टक्के लोकांनी अभयारण्याविरुद्ध कौल दिला. जैतापूर किंवा नाणार पाहिलेल्या माणसाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. फरक असा की तिथे तोवर बोये पाण्यात होते. हॉटेलवाला, डायव्हिंगच्या सहली नेणारा, रविवारचा हौशी, सगळे त्यांना होड्या बांधत होते. नियमांचा वाद पेटलेला असताना एक तरी सरकारी गोष्ट रोज उपयोगी पडत होती. याचा मतांवर किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही, पण पुढे नियम पाळून घेणं त्यामुळे सोपं गेलं असणार असं माझं मत आहे.

१९९७च्या नियमांत अठरा लहान टापू विशेष संरक्षित ठरले. त्यांत मासेमारी नाही आणि बोया मोकळा असेल तर नांगर नाही. इतरत्र तळ दिसत असताना प्रवाळावर नांगर टाकायला मनाई. ही 'बोया मोकळा असेल तर' अट साधी वाटते, पण अंमलदाराच्या दृष्टीने तिची किंमत मोठी. नांगराने प्रवाळ मोडला हे सिद्ध करायला पाण्यात उतरावं लागतं, फोटो काढावे लागतात, होडीवाला म्हणतो आधीच मोडलेला होता. शेजारी बोया मोकळा आणि याचा नांगर खाली, हे गस्तीच्या होडीतून दिसतं. सबब उरत नाही. २००९ मध्ये फ्लोरिडा राज्यानेही प्रवाळ वाचवण्यासाठी वेगळा कायदा केला. त्यात नांगराने किंवा होडी चढवून केलेल्या नुकसानीला क्षेत्रफळानुसार चढता दंड आहे.

जे बोयांनी झालं नाही

बोयांनी गर्दी कमी केली नाही, तिला जागा नेमून दिली. जिथे बोया तिथे होडी, जिथे होडी तिथे पाण्यात माणसं, आणि नवशिक्या माणसाच्या पायातले फिन्स नांगराइतके नाहीत तरी प्रवाळावर आदळतातच. त्यामुळे बोये किती, यात 'इथे एका वेळी किती होड्या चालतील' हाही निर्णय दडलेला असतो. तो निर्णय उघडपणे घ्यावा. बोये वाढवत राहणं हा गर्दीला होकार देण्याचा सोपा मार्ग आहे.

दुसरं, बोया बसवून विसरता येत नाही. दोरावर महिनाभरात शंखशिंपले आणि शेवाळ चढतं, शॅकल झिजतो, उन्हाने दोर ठिसूळ होतो. चक्रीवादळानंतर तर प्रत्येक बोया पुन्हा बघावा लागतो. अभयारण्याची स्वतःची माणसं आणि होड्या हेच काम वर्षभर करतात. ज्या बोयाची तपासणी होत नाही तो नसलेल्या बोयापेक्षा वाईट, कारण त्याच्यावर विसंबून माणूस निर्धास्तपणे पाण्यात उतरतो.

आणि तिसरं, सर्वांत कटू. १९८३ मध्ये शेवाळ खाणारे काटेरी समुद्रसाळू रोगाने मेले. २०१४ पासून प्रवाळाचा एक नवा रोग मायामीकडून सगळ्या रांगेत पसरला. २०२३च्या उन्हाळ्यात कीजमधलं पाणी इतकं तापलं की जुलैत मॅनटी बे या उथळ खाडीत ३८ अंशांहून जास्त नोंद झाली. शाखाळ प्रवाळांची तर दाणादाण उडाली. मग नांगराचं एवढं कौतुक कशाला, असं कोणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर व्यवहारी आहे: समुद्राचं तापमान की लार्गोच्या होडीवाल्याच्या हातात नाही, नांगर आहे. तापलेल्या वर्षातून जो घुमट तगून निघाला त्याच्यावर पुढच्या रविवारी साखळी फिरली तर तो दोष हवामानावर ढकलता येणार नाही.

मालवणात हे कसं बसेल

महाराष्ट्रात या प्रकरणाशी थेट नातं असलेली जागा एकच: मालवण सागरी अभयारण्य. १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालची पाण्याखालची खडपं. मच्छीमारांचा विरोध पहिल्यापासून. किल्ल्याच्या आसपासच स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचा धंदा उभा राहिला आणि त्याने कितीतरी घरांना बरे दिवस दाखवले, हेही तितकंच खरं. २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कागदावर वाघाच्या पंगतीत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये इथल्या हौशी डायव्हिंगमुळे होणाऱ्या प्रवाळांच्या मोडतोडीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

की लार्गोचा नमुना इथे जसाच्या तसा आणला तर फसेल. तिथला सगळा डोलारा नितळ पाण्यावर आहे: तळ दिसतो, म्हणून वाळू निवडा. मालवणात चांगल्या दिवशीही काही मीटरच दिसतं आणि गढूळ दिवशी हातभर. वाळू बघून नांगर टाका हा उपदेश तिथे तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, ऐकवण्यात अर्थ नाही. तो म्हणेल, खडपात नांगर घट्ट बसता, आणि त्याचं चूक नाही. उलट म्हणूनच पक्क्या खुंट्याची गरज मालवणात फ्लोरिडापेक्षा जास्त आहे. तळ न दिसताही ज्याला होडी बांधता येते असं साधन बोयाशिवाय दुसरं नाही.

दुसरा फरक खडकाचा. की लार्गोत प्रवाळानेच हजारो वर्षांत रचलेला चुनखडकाचा जाड थर आहे. मालवणात प्रवाळ खडपांना चिकटून, तुकड्या-तुकड्याने वाढतो. म्हणजे भोक मूळ खडकात जाईल. कुठे चिवट, कुठे भुसभुशीत. प्रत्येक जागी आधी ओढ देऊन चाचणी घ्यावी लागेल. आणि जागा दाखवायला जाळी फाटून-फाटून ज्यांना प्रत्येक खडप तोंडपाठ झालंय ती म्हातारी माणसं सोबत हवीत.

तिसरा फरक पावसाळ्याचा, आणि हा मला अडचणीपेक्षा सोय वाटतो. मे अखेरीला जलक्रीडा बंद होतात, होड्या वर ओढल्या जातात, त्या थेट ऑगस्ट संपल्यावर पाण्यात जातात. पावसाळी लाटांत बोया ठेवला तर तो जाणारच. म्हणून खिळा खडकात राहू द्यायचा. दोर, शॅकल आणि बोया होडीबरोबरच वर काढायचे, शाकारलेल्या होडीशेजारी धुऊन-तपासून ठेवायचे आणि सप्टेंबरात नवा दोर लावून परत सोडायचे. वार्षिक तपासणीची तारीख समुद्रच ठरवून देतो.

उरतो पैशाचा प्रश्न. की लार्गोत बोया वापरायला पैसे पडत नाहीत; तो सरकारी खर्च आहे. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर नांगर टाकायलाच बंदी आहे, आणि १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून शुल्क घेऊन त्यावर तिथलं सागरी उद्यान चालवलं जातं. मालवणला बोनेरची वाट जवळची वाटते. स्कूबाच्या पावतीत थोडीशी रक्कम वेगळी, ती होडीमालकांच्याच सहकारी संस्थेकडे, तिच्यातून स्थानिक पाणबुड्याला महिन्याचा ठराविक पगार आणि दर महिन्याच्या तपासणीची नोंदवही जेटीवर कोणालाही बघता येईल अशी टांगलेली. वन खात्याने खिळे बसवून द्यावेत आणि नोंदवही कोरी दिसली तर त्या बोयाला होडी बांधणं बंद करावं. अमुक खडपाला चारच बोये, म्हणजे एका वेळी चारच होड्या, हा आकडाही पहिल्या मोसमाआधी त्याच संस्थेच्या बैठकीत ठरवून टाकावा. मोसम सुरू झाल्यावर तो कोणी ठरवू देणार नाही.